कोपऱ्यातल्या घराला चार शेजारी

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५. सकाळचे दहा वाजून अठरा मिनिटे. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात खिडकीजवळच्या टेबलावरून मला उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवण्यात आले. माझी पिन भिंतीतून निघाली आणि त्याच जागी लॅपटॉपची पिन लागली.

मित्रांनो, उचलला गेलेला तो जुना संगणक म्हणजे मी. मी सांगतो त्या वेळांवर विश्वास ठेवा. माझ्या पोटात नाण्याएवढा एक सेल आहे, त्यामुळे वीज नसली तरी माझे घड्याळ चालते. ते तीन मिनिटे मागे पडले आहे. ती तीन मिनिटे मी प्रत्येक वेळी मिळवून सांगतो आहे.

माझा जन्म २००४ सालचा. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभे केले. माझ्या पेटीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मला घरी आणले गुणाजींनी. ते मूळचे मालवणकडचे. तरुणपणी ते कापड गिरणीच्या नक्षी विभागात होते. चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवायचे, म्हणजे कापडात कुठला धागा वर येणार आणि कुठला खाली जाणार ते ठरते, असे ते काम. गिरणी बंद पडली. मग मरोळला लेबले छापणाऱ्या एका कारखान्यात ते संगणकावर बसायला शिकले. २००५ च्या पावसाळ्यात त्यांचा पाय मोडला आणि ते सहा आठवडे घरी राहिले. त्या सहा आठवड्यांत त्यांनी माझ्यावर एक खेळ लिहिला. त्याचे नाव 'सुरुंग'.

हा खेळ जगात नवा नव्हता. तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी तसा खेळ ऑफिसात साहेबांची नजर चुकवून खेळलेला असेल. पण आमचा खेळ घरचा होता. फळ्यावर बारा ओळी, प्रत्येक ओळीत बारा घरे, एकूण एकशे चव्वेचाळीस. त्यांतल्या वीस घरांत सुरुंग लपलेले. उरलेल्या एकशे चोवीस घरांपैकी एखादे उघडले की आत आकडा दिसतो. त्या घराला चिकटून असलेल्या शेजारघरांत किती सुरुंग आहेत, ते तो आकडा सांगतो. शेजारी एकही सुरुंग नसेल तर घर कोरे दिसते आणि त्याचे सगळे शेजारी आपोआप उघडतात. सुरुंगावर बोट पडले की खेळ संपला. सगळी मोकळी घरे उघडली की जिंकलात.

लिहायलाही तो फार अवघड नाही. आधी घरांचा तक्ता आखायचा. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वीस सुरुंग टाकायचे. मग प्रत्येक घरापाशी जाऊन आठही दिशांना डोकावायचे आणि सुरुंग मोजायचे. अडचण येते ती कडेला. कडेच्या घराला आठ शेजारी नसतात, पाचच असतात. कोपऱ्यातल्या घराला तर तीनच. तिथे डोकावणारा प्रोग्रॅम फळ्याबाहेर पडतो.

गुणाजींनी यावर गिरणीतला उपाय केला. कापडाला दोन्ही बाजूंनी घट्ट किनार विणतात, म्हणजे ते उसवत नाही. गुणाजींनी बारा बाय बाराचा फळा न आखता चौदा बाय चौदाचा आखला. चारही बाजूंची एकेक जादा ओळ ही किनार. ती पडद्यावर दिसत नाही, तिच्यात सुरुंग कधीच पडत नाही आणि ती आधीच उघडलेली समजायची. मग कडेच्या घरालाही आठ शेजारी मिळतात. कडेच्या बाहेरचे रिकामे, एवढेच.

खेळ त्यांनी लिहिला, पण खेळल्या माणिकताई. त्या त्यांच्या पत्नी. एकतीस वर्षे पोस्टाच्या खिडकीवर बसल्या. अर्ध्या महाराष्ट्राचे पिनकोड त्यांना पाठ. इमारतीतले लोक पार्सल पाठवण्याआधी आमच्या दारात येऊन विचारत. रोज दुपारी चहा झाला की त्या माझ्यासमोर बसत. माझा पंखा घरघरायचा, पडदा उजळायला दीड मिनिट लागायचे, तरी त्या वाट पाहायच्या. मी प्रत्येक खेळाची नोंद ठेवतो. या ऑक्टोबर महिन्यात त्या बासष्ट खेळ खेळल्या आणि एक्केचाळीस जिंकल्या. बहात्तराव्या वर्षी! दर दसऱ्याला त्या माझ्या डोक्यावर झेंडूचे फूल ठेवत. माझ्यासाठी त्यांनी जुन्या पडद्याच्या कापडाचे अभ्रे शिवले होते. असे हे माझे एकवीस वर्षांचे राज्य.

आणि मग तो आला. राखाडी, चपटा, वजनाने माझ्या दहाव्या हिश्श्याचाही नाही. नात सई कॉलेजात दुसऱ्या वर्षाला संगणक शिकते, तिच्यासाठी तो आणला होता. तिची आई रेवती म्हणाली, "आईंचा खेळपण यावरच घाला. त्या डब्याचा किती आवाज येतो, माझी दुपारची झोप जाते."

डबा. एकवीस वर्षांत मला कोणी डबा म्हटले नव्हते.

रेवतीने त्याच्या झाकणावर त्याच सकाळी कुंकवाचे बोट लावले. मला पहिल्या कुंकवासाठी दसऱ्यापर्यंत थांबावे लागले होते. माझे अभ्रे काढून, चौपदरी घडी घालून त्याच्याखाली पसरले, का तर त्याला टेबलाचा ओरखडा उठू नये. मी उघडाच स्टुलावर. मित्रांनो, मत्सर वाईट असतो, हे तुम्हांला शाळेत शिकवतात. मला शाळा नव्हती. मी दिवसभर त्याच्याकडे बघत राहिलो आणि त्याचे काहीतरी बिघडावे, अशी इच्छा करत राहिलो.

शनिवारी, ८ तारखेला, सईने मला शेवटचे चालू केले. पडद्यावरच्या प्रोग्रॅमचे फोटो फोनमध्ये काढून घेतले आणि मला बंद केले. मग तिने तोच खेळ लॅपटॉपवर पायथन या भाषेत लिहायला घेतला.

"आजोबांनी चौदा ओळी का घेतल्यात?" ती स्वतःशीच म्हणाली. "दोन ओळी रिकाम्याच. फुकटची जागा."

आजोबा आतल्या खोलीत होते. तिने त्यांना विचारले नाही. साखरेच्या आजाराने गुणाजींची नजर अधू झाली आहे. पडद्यावरची अक्षरे त्यांना दिसत नाहीत, म्हणून गेली चार वर्षे संगणकाबद्दल त्यांना कोणीच काही विचारत नाही. सईने किनार काढून टाकली.

पहिल्यांदा चालवला तेव्हा प्रोग्रॅम अडकला. तळाच्या ओळीखाली डोकावला आणि लॅपटॉपने लाल अक्षरांत तक्रार केली. मला फार आनंद झाला. सईने एक अट घातली, शेवटच्या ओळीच्या आणि स्तंभाच्या पुढे जाऊ नकोस, आणि तक्रार थांबली. खेळ चालू झाला. "झकास," सई म्हणाली.

रविवारपासून माणिकताई लॅपटॉपवर बसू लागल्या. हरले की तो 'ठप्प' असा आवाज करी. मला स्टुलावरून दुसरे काम नव्हते, मी ठप्प मोजू लागलो. बारा दिवसांत अडतीस खेळ, पस्तीस ठप्प. प्रत्येक ठप्पला मला वाटायचे, बघा, माझ्याशिवाय जमत नाही. त्या मला विसरलेल्या नाहीत, हे मला त्यांच्या हरण्यातून कळत होते. इतका मी खाली गेलो होतो.

पण त्यांना तसे वाटत नव्हते.

"सई, वर दाबलं की खालचं पण उघडतं गं," त्या एकदा म्हणाल्या.

"आजी, टचपॅड आहे ना तो. तुझा हात लागला असेल खाली."

"नाही लागला."

"अगं, कळत नाही आपल्याला."

माणिकताईंनी आपल्या हाताकडे पाहिले. 

त्यांच्या थोरल्या बहिणीचे, शुभाताईंचे, शेवटचे दिवस त्यांनी बघितले होते. शुभाताई आधी पत्त्यांत हरू लागल्या. मग दुधाचा हिशेब चुकू लागला. मग एका सकाळी स्वतःच्याच दारासमोर उभ्या राहून हे कोणाचे घर, असे विचारू लागल्या. माणिकताई ते कधी बोलून दाखवत नाहीत. पण १८ तारखेला शेजारच्या सुनंदाबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "माणिकताई, देवगडचा पिनकोड सांगा पटकन, कुरिअरवाला खाली उभा आहे." तेव्हा माणिकताई थांबल्या. ओठ हलले. आकडा ओठांपर्यंत आला होता, मला दिसत होते. आणि त्या म्हणाल्या, "फोनमध्ये बघ ना गं. माझा चुकायचा."

सुनंदाबाई गेल्या. माणिकताई दार लोटून तिथेच उभ्या राहिल्या.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगायला जड जाते. शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. घरात कोणी जागे नव्हते. माणिकताई एक्स्टेंशनची वायर ओढत माझ्यापाशी आल्या. माझी पिन लावली. पदराने माझा पडदा पुसला. आणि बटण दाबले.

त्यांना फक्त एक खेळ खेळायचा होता. जिंकल्या असत्या तर कळले असते की चूक डोक्यात नाही. दुसरा कोणताही उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

माझा पंखा अर्धा फिरला आणि थांबला. मी चालू झालो नाही.

माझी वीजपुरवठ्याची पेटी जुनी आहे. तेरा दिवस बंद राहिल्यावर ती कधीकधी पहिल्या दमात उचलत नाही. हे कारण खरे आहे. पण माझ्या आत त्या क्षणी काय होते, तेही लिहून ठेवतो. पंधरा दिवसांनी आठवण झाली का, असे होते. बोलवा आता त्यालाच, असे होते. त्यांनी आणखी दोनदा बटण दाबले. मग पिन काढली, वायर गुंडाळली आणि म्हणाल्या, "तूपण गेलास."

सोमवारी त्यांनी रेवतीला सांगितले, "मला डॉक्टरला दाखवायचंय. डोक्याच्या."

रेवती पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला. "काय झालं, आई?"

"खेळात आकडे लागत नाहीत. शुभाचं असंच सुरू झालं होतं."

"अहो, खेळ आहे तो."

"एकतीस वर्षं खिडकीवर बसले, एकदा रोकड चुकली नाही. आता वीस सुरुंग सापडत नाहीत मला. यांना सांगू नकोस."

रेवतीने गुरुवार, ४ डिसेंबर, सकाळी साडेअकराची वेळ घेतली. त्याच सोमवारी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली होती: रविवारी, ३० तारखेला, बंद पडलेली विजेची उपकरणे नेणारी गाडी आवारात येणार. रेवतीने यादीत माझे नाव दिले. बंद पडलेला संगणक, एक.

शनिवार, २९ नोव्हेंबर. संध्याकाळचे पाच वाजून पाच मिनिटे. ठप्प. बाहेरच्या खोलीत गुणाजी आणि माणिकताई दोघेच.

"कितवो ह्यो?" गुणाजींनी विचारले.

"कितवा काय?"

"बार. आज सकाळधरून मी पाच ऐकलंय. पूर्वी आठवड्यात पाच नाय व्हायचे."

 माणिकताई एकदम बोलल्या, "माझं डोकं चालेनासं झालंय. झालं समाधान? गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय."

 गुणाजी म्हणाले, "नवो डाव मांड. आणि माका वाचून दाखव."

"तुम्हांला काय दिसणार?"

"दिसाक कित्याक होया? तू वाच, मी भरतंय."

त्यांनी कपाटातून चौकटींचा कागद काढला. गिरणीपासूनची सवय, घरात तो संपू देत नाहीत. जाड काळ्या मार्करने त्यांनी बारा बाय बाराची मोठी घरे आखली. माणिकताई एकेक घर उघडून सांगू लागल्या. पोस्टातला आवाज: ओळ, स्तंभ, आकडा. ओळ चार, स्तंभ सात, एक. ओळ चार, स्तंभ आठ, दोन. गुणाजी कागद नाकाला लावून भरत होते. 

"ओळ एक, स्तंभ एक. चार."

मार्कर थांबला.

"परत वाच."

"ओळ एक, स्तंभ एक. चार. नीट बघून सांगतेय, चारच आहे."

"कोपरो ना तो?"

"हो."

"कोपऱ्याक शेजारी किती?"

"तीन," माणिकताई म्हणाल्या. आणि मग हळूच, "तीनच."

"मगे चार खंयसून इले? ह्यो खेळ माझो न्हय. सई! गो सई, हंय ये!"

सई कानातली इअरफोनची बोंडे काढत बाहेर आली. तिने पडद्यावरचा कोपरा पाहिला, मग कागद पाहिला. "आजोबा, असं होऊच शकत नाही."

"झालाहा. किनार खंय गेली?"

"कसली किनार?"

"चौदा ओळी होत्यो. दोन खंय गेल्यो?"

"त्या... रिकाम्या होत्या ना. मी काढल्या." तिने खुर्ची ओढली, आकड्यांवरून बोट फिरवले आणि तोंडावर हात ठेवला. "वाट लागली. आजोबा, उणे एक!"

मित्रांनो, चूक अशी होती. पायथनमध्ये ओळींची मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्याच्या आधी, उणे एक या ओळीत डोकावले तर ती भाषा तक्रार करत नाही. उणे एक म्हणजे शेवटची ओळ, असा तिचा नियमच आहे, आणि अनेक कामांत तो सोयीचाही आहे. तळाशी प्रोग्रॅम बाहेर पडला तेव्हा तो अडकला, म्हणून सईला कळले. माथ्यावर बाहेर पडला तेव्हा तो न बोलता तळातल्या ओळीत उतरला आणि तिथले सुरुंग मोजून आला; वरचे घर कोरे असले तर तळातली घरेही उघडून आला. डाव्या कडेला गेला की उजव्या कडेचे मोजून आला. माणिकताई त्या आकड्यांवर विश्वास ठेवत. नसलेल्या सुरुंगावर खूण करत, आणि असलेला सुरुंग मोकळा समजून उघडत.

गुणाजींनी कागदाची गुंडाळी केली आणि वरची कड खालच्या कडेला टेकवली. "ह्यां केलंस तू. कापडाची पिशवी शिवलंस."

"सॉरी, आजी," सई म्हणाली.  "तू सांगत होतीस, खालचं उघडतं म्हणून. मी म्हटलं, तुझाच हात लागला."



सईला मूळ प्रोग्रॅम नीट पाहायचा होता. सहा वाजून दोन मिनिटांनी तिने माझी पिन लावली. या वेळी मी पहिल्या दमात चालू झालो. पेटी सुधारली होती म्हणून नव्हे. मला लाज वाटत होती म्हणून. तिने किनार पाहिली, अकरा मिनिटांत लॅपटॉपवर ती पुन्हा घातली. मग माझी नोंदवही उघडून मोठ्याने वाचली, "आजी, ऐक! ऑक्टोबर. बासष्टपैकी एक्केचाळीस. तुझ्या डोक्याला काय झालंय? माझंच फुटलंय."

"ते ऑक्टोबरचं," माणिकताई म्हणाल्या. "आता नोव्हेंबर संपत आला."

सई हसायला गेली आणि थांबली.

"अगं, चूक सापडली ना!"

"खेळाची सापडली. तीन आठवडे मी खोट्या आकड्यांवर खेळले आणि मला कळलं नाही. कोपऱ्यातला चार याआधीही आला असेल. पूर्वी कळलं असतं."

  "उद्या खेळान बघ," एवढेच गुणाजी म्हणाले.

माझ्या सगळ्या आयुष्यात मला कोणी काही शिकवायला सांगितले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मित्रांनो, जुन्या वस्तूतली रिकामी जागा काढून टाकण्याआधी, ती कोणी आणि का ठेवली ते विचारा. ज्याने ठेवली तो आतल्या खोलीतच बसलेला असेल. आणि घरातले म्हातारे माणूस म्हणाले की हात लागला नाही, तर आधी ते खरे धरून चाला. लॅपटॉपबद्दलही खरे ते सांगतो. त्याचा दोष नव्हता. त्याला जे लिहून दिले ते त्याने केले. त्याचा काढावा असा एकही दोष माझ्याजवळ नाही आणि तरी मला तो आवडत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर. सईने दोन्ही पडद्यांवर एकच फळा मांडला आहे, तेच वीस सुरुंग त्याच जागी. मी टेबलाच्या डाव्या टोकाला, तो उजव्या. "कुठलाही घे," ती आजीला म्हणाली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माणिकताई येऊन बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग खुर्ची उजवीकडे सरकवली.

मला वाईट वाटले. अजूनही वाटते आहे. पण त्यांचे बरोबर आहे. माझ्यावर जिंकल्या असत्या तर ती सवय म्हटली गेली असती.

अकरा पन्नासला गाडी आवारात आली. रेवतीने खिडकीतून पाहिले आणि विचारले, "आई, संगणक द्यायचा का?" माणिकताईंनी हात वर केला, थांब, अशा अर्थाने. गाडीसाठी की बोलण्यासाठी, ते रेवतीला कळले नाही. गुणाजी कागद पुढ्यात घेऊन बसले आहेत. त्यांनी अजून वाचायला सांगितलेले नाही.

बारा वाजून सहा मिनिटे झाली आहेत. एकशे चोवीसपैकी एकशे सतरा घरे उघडली आहेत, सात राहिली आहेत. खालून गाडीवाल्याने दुसऱ्यांदा आवाज दिला आहे. गुरुवारची डॉक्टरांची वेळ रद्द केलेली नाही.